रिकाम्या भिंतीची आणि द्वारकाताईंच्या आईची हकीकत

श्री. जी भिंत ठेवून घेते आणि जो उजेड घेऊन जातो, त्या उभयतांस नमन करून लिहावयास आरंभ केला. शके एकोणीसशे छत्तीस, जयनाम संवत्सरे, मार्गशीर्ष मासी, एका चित्रशाळेच्या राज्यात जे वर्तमान जाहले ते येणेंप्रमाणे.

राज्य लहान, परंतु प्रजा मोठी. साडेतीन हजार चित्रे आणि नव्वद मूर्ती, सर्व कायम संग्रहातील, म्हणजे एकदा आत आले ते परत जावयाचे नाही. त्यातील दोनशे भिंतींवर मानाने बसत आणि बाकीची तळघरात पत्र्याच्या खणांत निजून असत. गादीवर दिवाणसाहेब, म्हणजे संचालक, होते, परंतु राज्य राखीत होत्या त्या मृणालबाई पेंडुरकर, रसायनशास्त्र शिकलेल्या, बोलणे थोडे आणि मोजणे फार. बाईंचे म्हणणे असे की, बुरशी दिसते, कसर दिसते, त्यांचा बंदोबस्त करिता येतो. खरा शत्रू उजेड, तो पाहुण्यासारखा येतो आणि जाताना तांबडा रंग बरोबर नेतो, आणि नेलेला रंग कोणत्याही तहाने परत मिळत नाही. म्हणोन बाईंनी कायदा केला की, कागदावरील जलरंगी चित्र तीन महिने भिंतीवर राहिले तर तीन वर्षे पेटीत अंधारात राहील, आणि मध्ये कोणासाठी पेटी उघडणे नाही, खुद्द दिवाणांसाठीही नाही. दुसरा कायदा पूर्वापार चालत आला होता की, संग्रहाच्या वहीत पुराव्यावाचून एक अक्षर चढवू नये. दोन्ही कायदे चांगले होते, हे वाचणाराने ध्यानात असू द्यावे.

त्या मासी चारशे बारा क्रमांकाचे चित्र भिंतीवर होते. एक स्त्री पाटावर बसलेली, डाळिंबी लुगडे, डाव्या हातावरून पदर ओढून घेतलेला, दृष्टी चित्रकाराकडे नसून बाजूला कोणाकडे तरी. खाली चिठ्ठी होती: ‘बसलेली स्त्री. चित्रकार अज्ञात.’ तीन महिन्यांचा अखेरचा दिवस होता, आणि द्वारकाताई सोनटक्के नामे ऐंशी वर्षांच्या एक बाई काठी टेकीत आल्या आणि चित्रापुढे उभ्या राहिल्या त्या हलेनात. मग पहारेकरी सदोबा गुरव यांनी खुर्ची आणून दिली. सदोबांची नोकरी तीस वर्षांची, चित्रे त्यांस नात्यागोत्यासारखी पाठ. द्वारकाताई खुर्चीवर बसल्या आणि म्हणाल्या, “ही माझी आई. बाजूला बघते आहे ना, तिथे मी उभी होते. रांगोळी फिसकटली म्हणून रडत.”

सदोबांनी मृणालबाईंस बोलाविले. द्वारकाताईंनी सर्व सांगितले की, वडील संस्थानात मोजणीदार होते, चित्रकार पाहुणा म्हणून आला होता, त्याने आईस आठ दिवस बसविले, आणि चित्र संस्थानिकांनी ठेवून घेतले. पुढल्याच वर्षी आई वारली, फोटो म्हणोन कधी काढिला नव्हता, जगात तिचे रूप ते इतकेच. मग आईचे नाव सांगितले, माहेरचे आणि सासरचे, दोन्ही स्वच्छ आवाजात, आणि मागणे केले की चिठ्ठीवर ते लिहावे, दुसरे काही नको.

बाईंनी पुसले, पुरावा काय. द्वारकाताई बोलिल्या की, आईच्या डाव्या हातावर मनगटापासून कोपरापर्यंत भाजल्याचा डाग होता; चित्रकाराने दिसला तसा तो काढिला, आई म्हणाली झाका, मग त्याने वरून पदर रंगविला. बाईंचे डोळे चमकले. कारण रंगाखालची शिसपेन्सिल दाखविणारा एक दिवा असतो, त्याचा उजेड माणसास दिसत नाही पण कॅमेऱ्यास दिसतो, आणि तो शेजारच्या राज्याकडून, म्हणजे दुसऱ्या चित्रशाळेकडून, मागविता येत होता. परंतु त्याच सायंकाळी चित्राचा अंधारवास सुरू व्हावयाचा होता. दिवाणसाहेब म्हणाले की एक वेळ मोडा कायदा. बाई म्हणाल्या, “साहेब, मीच मोडला तर पाळायचा कुणी?” आणि द्वारकाताईंस नम्रपणे सांगितले की तीन वर्षांनी पेटी उघडेल, दिवा येईल, डाग दिसला की नाव चढेल. वहीत काही लिहिले नाही, कारण पुरावा नव्हता.

मग द्वारकाताई दर महिन्यास येऊ लागल्या आणि चारशे बाराच्या रिकाम्या जागेपुढे बसू लागल्या. तेथे दुसरे चित्र लावावयाचे होते, ते सदोबांनी काही ना काही सबब सांगून लांबविले. ते थट्टेने म्हणत की ताई, भिंतीला तिकीट नाही, खुशाल बघा. ताई म्हणत की तुमच्या बाईंना विचारा, मी आधी अंधारात जाते की आई आधी बाहेर येते. मृणालबाई येता जाता नमस्कार करीत आणि उरलेले महिने अचूक सांगत. असे दोन वर्षे आणि सात महिने चालले. मग एका महिन्यास ताई आल्या नाहीत, पुढल्यासही नाहीत. सदोबा पत्ता काढीत गेले, तो खोलीत दुसरे बिऱ्हाड होते. एकट्या होत्या, सामान शेजाऱ्यांनी वाटून टाकिले, असे कळले.

शके एकोणीसशे एकोणचाळीस, हेमलंबीनाम संवत्सरे, नेमल्या दिवशी पेटी उघडली. तांबडा रंग मोजला, तो जसाच्या तसा, एक अंशही ढळला नव्हता. दिवा आला आणि पदराखाली डाग दिसला, मनगटापासून कोपरापर्यंत, चित्रकाराने त्याची कड इतक्या मायेने ओढिली होती की बाई बराच वेळ पाहात राहिल्या. पुरावा सिद्ध जाहला. मग बाईंनी वही उघडली, लेखणी घेतली, आणि लिहावयास नाव आठवेना. सदोबांस पुसले. सदोबा खाली पाहात म्हणाले, “ऐकलं होतं, बाई. पण तुम्ही जवळ होतात. तुम्ही लिहून ठेवलं असेल म्हणून मी ध्यानात ठेवलं नाही.”

मग शोध मांडिला. शाळेच्या दाखल्यात द्वारका आणि बापाचे नाव, लग्नाच्या नोंदीत द्वारका आणि नवऱ्याचे नाव, संस्थानच्या दप्तरात ‘मोजणीदाराचे कुटुंब’ इतकेच. आईचे नाव लिहिण्यास जागाच कोठे आखिली नव्हती. बाईंनी चार महिने रजा घेऊन गावोगाव कागद पाहिले आणि रिकाम्या हाताने परत आल्या. मग दिवाणसाहेबांपुढे उभ्या राहून चिठ्ठी बदलण्याची परवानगी मागितली आणि नवी चिठ्ठी स्वहस्ते लिहिली: ‘द्वारकाताईंची आई.’ मग वहीत तिसरा कायदा लिहिला की, कोणी येऊन सांगेल ते पुराव्याची वाट न पाहता आधी शिसपेन्सिलीने उतरून घ्यावे.

एवंच, चित्र तीन महिने भिंतीवर राहिले आणि पुन्हा अंधारात गेले. रंग सर्व शाबूत आहे. सदोबांनी सेवानिवृत्त होताना खुर्ची तेथून हलवू दिली नाही, ती त्या रिकाम्या जागेपुढे अद्याप आहे, आणि येणारे विचारतात की येथे काय पाहावयाचे.