चेअरमनचं न्यूझीलंड

सलग नऊ वर्षं बिनविरोध चेअरमन राहायचं म्हणजे काय खायचं काम न्हाय, पावणं! आमच्या शिरोळ भागात घरात दोन भाऊ असले तर पार्ट्या तीन असत्यात. तरीबी गावच्या दूध संस्थेच्या खुर्चीवर नऊ वर्षं हा आप्पासो बसलाय. ती खुर्ची म्हणजे माझा जीव. ह्या रविवारी सभेत पुन्हा निवड होती आणि दहावं वर्ष मी खिशातच घालून फिरत होतो.

पण त्याच्या आधीच्या सोमवारी माझ्या पुतण्यानं, ऋषभनं, संस्थेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक प्रश्न टाकला. दुसऱ्या देशाचं नागरिकत्व मिळणार असंल तर कुठलं घ्याल? गडी इंजिनिअर, सुट्टीवर आलेला, रिकामपणाचे उद्योग सगळे. पण ग्रुप पेटला. कुणी कॅनडा लिहिलं, कुणी जर्मनी. व्हाइस चेअरमन पिराजीनं कोल्हापूर लिहिलं. ऋषभनं सांगितलं, काका, त्यो देश न्हाय. पिराजीनं उलट विचारलं, कोण म्हणतंय? त्याला तीस जणांनी अंगठे दिले.

मला राहवलं न्हाय. चेअरमनचं उत्तर वजनदार पायजे. मी लिहिलं, 'न्यूझीलंड. दुधात जगात भारी. माझं ठरलंय.' आणि उसाला पाणी पाजायला निघून गेलो.

ते 'ठरलंय' नडलं.

तोहिद माझा जुना दोस्त. स्टँडजवळ त्याचं फ्लेक्सचं दुकान हाय. वरचे शंभर मेसेज कोण वाचतंय? प्रश्न त्यानं बघितलाच न्हाय, नुसतं माझं उत्तर वाचलं. आमच्याकडं म्हैस व्याली तरी फ्लेक्स लागतोय, मग चेअरमन परदेशी निघाल्यावर हा कसला थांबतोय! मंगळवारी सकाळी चौकात येऊन बघतो तर वीस फुटी आप्पासो! डोक्यावर फेटा, डोळ्यावर चिकटवलेला गॉगल, मागं बर्फाचा डोंगर. खाली ठळक अक्षरात, 'न्यूझीलंडचे नागरिकत्व स्वीकारल्याबद्दल हार्दिक अभिनंदन'.

मी हादरलोच. शिव्या घालायला तोहिदला फोन लावला आणि... खरं सांगू? त्यो गॉगल मला लई शोभत होता. रिंग जायच्या आत फोन कट केला.

घरी आलो तर आमची मंडळी, राजमती, दारातच उभी. "अहो, आजच्या आज उतरवा त्यो. लोकांना खरं वाटाय लागलंय."

मी तिला राजकारण समजावून सांगितलं. रविवारपर्यंत राहू दे म्हटलं, असल्या गोष्टीनं वजन वाढतंय. तिनं बादली उचलली आणि म्हशी धुवायला निघून गेली.

बुधवारपास्नं माणसं यायला लागली. मला वाटलं, जाऊ नका म्हणून पाया पडत्याली. गल्लीतल्या धोंडुबाई आल्या, डोळ्याला पदर लावला आणि आमची मुऱ्हा म्हैस कुणाला देणार ते विचारलं. शेजारचा ऋतुराज टेप घेऊन आला आणि मला नमस्कार करून गोठा मोजाय लागला. एकानं मोटरसायकलची चावी मागितली, नुसती चालवून बघायला. आणि 'ऱ्हावा' म्हणणारा एक माणूस न्हाय! ह्यांच्या लग्नाकार्यात मी पंगती वाढल्यात, ह्यांच्या म्हशींसाठी अर्ध्या जेवणातनं उठून डॉक्टर आणलाय. मला मनापास्नं वाईट वाटलं. तरीबी गप्प बसलो, कारण रविवार चार दिवसांवर होता.

रविवारी कडक इस्त्रीची कापडं घालून सभेला गेलो, तर दारातच हलगी कडाडली. चौघांनी मला उचलून स्टेजवर नेलं. फेटा बांधला, शाल घातली, हातात नारळ दिला. मी म्हटलं, दहाव्या वर्षाचा सत्कार दिसतोय. चौफेर हात जोडले, फोटोसाठी तीनदा नारळ घेतला. मग पिराजीनं माइक धरला. माझे गुण सांगता सांगता त्यानं रुमाल काढला. डोळे पुसून म्हणाला, "चेअरमन सातासमुद्रापार चालल्यात. खुर्ची मोकळी ठिवून चालायचं न्हाय. रोज पहाटं दूध घालणारी, त्यात कधी थेंबभर पाणी न मिसळलेली सभासद म्हणून मी राजमतीवहिनींचं नाव सुचवतो."

टाळ्यांचा नुसता कडकडाट! मी माइक ओढून घेतला.

"अरं, मी कुठं चाललो न्हाय! माझ्याकडं पासपोर्टबी न्हाय."

हलगीवाल्यानं काठी खाली ठेवली. पिराजीनं माझ्याकडं बघितलं, मग माझ्या फेट्याकडं बघितलं आणि शांतपणे म्हणाला, "चेअरमन, सत्कार झाला की आता."

खरंच होतं. आमच्या गावात निरोपाचा फेटा बांधून घेतलेला माणूस पुन्हा खुर्चीत बसल्याचं कुणी ऐकल्यालं न्हाय. एकच आशा उरली. मी राजमतीकडं बघितलं. नवऱ्याची खुर्ची हाय, ती नको म्हणंलच की. ती उठली, पदर सावरला, समद्यांना नमस्कार केला आणि सरळ खुर्चीत जाऊन बसली.

सोमवारी उजाडायच्या आत चेअरमनबाई संस्थेत हजर, म्हणून म्हशी माझ्या वाट्याला आल्या. लाथा खात, घाम गाळत कशीबशी धार काढली. किटली घेऊन संस्थेत गेलो आणि नऊ वर्षांच्या सवयीनं सगळ्यांना ओलांडून थेट आत घुसाय लागलो.

खुर्चीतनं आवाज आला. मान वर न्हाय, काय न्हाय.

"पावणं, रांगेत या."

मी मुकाट्यानं मागं गेलो. पुढं अकरा माणसं होती. एकबी सरकला न्हाय.