गौरांगच्या नावचे दोन कोअर

"जेवलास का रे?" नीलाताईंनी नागपुरातल्या प्रतापनगरातून रविवारी पाच वाजता विचारलं, आणि स्वीडनमधल्या गौरांगचं तोंड अर्धं उघडं, डोळे अर्धे मिटलेले, एक हात कानापाशी, असं जे संगणकाच्या पडद्यावर अडकलं ते अडकलंच. मग नुसता आवाज आला. "हो आई, मस्त जेवलो. वरण-भात केला होता." तोंड तसंच उघडं होतं. ते मिटलं तेव्हा आवाज संपून बराच वेळ झाला होता.

"तोंड एका विमानानं येऊन राहिलं आणि आवाज दुसऱ्या," मधुसूदनराव म्हणाले.

"थट्टा सुचते तुम्हाला. दोन वर्षांत त्याला धड हसताना पाहिलं नाही मी. मागच्या रविवारी शिंक अडकली होती, त्याच्या आधी जांभई. मुलगा आहे की फोटो आहे, काही समजत नाही."

गौरांग याही दिवाळीला येणार नव्हता. सुट्टी मिळत नाही, असं त्यानं जांभईच्या रविवारी सांगितलं होतं. तेव्हा आठवड्यातून एकदा दिसणारा हा चेहरा एवढीच नीलाताईंची मिळकत होती, आणि तीही तुकड्यातुकड्यांनी हाती पडत होती. व्हिडिओ कॉल संपल्यावर त्या स्वयंपाकघरात गेल्या आणि उगाचच धुतलेली भांडी पुन्हा धुऊ लागल्या. मधुसूदनरावांना हा आवाज चांगला ओळखीचा होता, आणि तो त्यांना मुळीच सहन होत नसे.

मधुसूदनरावांची सारी नोकरी टेलिफोन खात्यात गेली होती. जगातला कोणताही बिघाड हा लाइनीतच असतो आणि चिकाटीनं शोधला तर सापडतोच, अशी त्यांची श्रद्धा होती. त्यांनी आधी इंटरनेटवाल्याला इतक्यांदा फोन केले की तो त्यांचा आवाज ऐकताच "काका, नमस्कार" म्हणू लागला. मग वायर बदलली. मग मे महिन्याच्या उन्हात डोक्याला पंचा बांधून गच्चीवर जाऊन जुनी वायर पुन्हा जोडली. लाइन ठणठणीत निघाली. तेव्हा त्यांनी मोर्चा संगणकाकडे वळवला.

हा संगणक गौरांगनंच बसवून दिला होता. परदेशी जाण्याआधी काही महिने तो घरूनच काम करत असे, आणि त्याच वेळी मधुसूदनराव त्याच मशीनवर मोठ्यानं जुनी नाट्यगीतं लावत. दोघांचं जमेना. मग गौरांगनं मशीनची वाटणी केली होती. संगणकात काम करणारे चार कोअर, म्हणजे जणू चार हात. त्यानं दोन गट पाडले. एकाचं नाव 'आई-बाबा', दुसऱ्याचं 'गौरांग'. दोन हात या गटाला, दोन त्या गटाला. एका गटातल्या प्रोग्रामनं दुसऱ्याच्या हातांना शिवायचं नाही. भांडण मिटलं, पुढे गौरांग गेला, पण वाटणी तशीच राहिली.

मधुसूदनरावांना हे सापडलं तेव्हा ते खुर्चीत मागे रेलले. म्हणजे इकडे आई-बाबांचे दोन हात मुलाचा चेहरा ओढून ओढून थकलेत, आणि तिकडे मुलाच्या नावचे दोन हात रिकामे बसलेत! मुलगा नीट दिसायला हवा असेल तर मुलाचाच वाटा काढून टाकायला हवा होता. त्यांनी पुढच्या रविवारी दुपारी, जेवणानंतर नीलाताई आत झोपल्या असताना, हे काम गुपचूप उरकायचं ठरवलं. पाच वाजता मुलगा एकदम लख्ख दिसेल आणि नीला चकित होईल, असं सुंदर चित्र त्यांच्या डोळ्यांपुढे होतं.

त्यांनी गट काढण्याची आज्ञा दिली. संगणकानं इंग्रजीत उत्तर दिलं, की ही जागा वापरात आहे.

"वापरात? कोणाच्या?" मधुसूदनरावांनी संगणकालाच विचारलं.

गट काढायचा तर तो आधी रिकामा असावा लागतो, हे त्यांनी वाचलं होतं. आत कोण आहे ते त्यांनी तपासलं. एकच प्रोग्राम होता, पुढे संगणकानं त्याला दिलेला नंबर. काही काम नाही, धंदा नाही, नुसता बसून होता. त्यांनी त्याला बंद केलं आणि लगेच गट काढायला गेले, तर पुन्हा तेच उत्तर. पाहतात तो हा गडी नवा नंबर लावून परत आत येऊन बसलेला. त्यांनी पुन्हा हाकलला. तो पुन्हा आला. मधुसूदनरावांनी घाम पुसत त्याला तिसऱ्यांदा हाकललं.

"काय करून राहिले हो तुम्ही? झोपत काहून नाही?" नीलाताई डोळे चोळत बाहेर आल्या.

"इकडे येऊ नको. कोणीतरी शिरलं आहे आपल्या मशीनमध्ये. बाहेरून. गौरांगच्या जागेत ठाण मांडून बसलं आहे."

"गौरांगच्या जागेत? आणि तुम्ही तिथे काय करत होते?"

गुपित असं फुटलं. मधुसूदनरावांनी वाटा काढण्याचा बेत सांगितला, आणि त्यांना वाटलं होतं तशा नीलाताई मुळीच चकित झाल्या नाहीत.

"त्याची खोली मी कुरडया वाळवायलासुद्धा वापरत नाही," त्या म्हणाल्या, "आणि तुम्ही त्याला मशीनमधूनच काढून राहिले?"

"अगं, तो दिसावा म्हणूनच काढून राहिलो!"

हे वाक्य उच्चारल्यावर ते त्यांना स्वतःलाच थोडं विचित्र वाटलं. पण वाद घालायला सवड नव्हती, कारण आतला गडी तिसऱ्यांदा परतला होता. बँकेचं सगळं याच मशीनवर, पेन्शनही याच मशीनवर! मधुसूदनरावांनी टेलिफोन खात्यातला अखेरचा उपाय केला. लाइनच कापली. त्यांनी संगणकाचं बटण दाबलं, इंटरनेटच्या डबीची वायर उपटली, आणि चोर फोनवाटे येऊ नये म्हणून स्वतःचा फोन बंद करून नीलाताईंचाही बंद केला. मग ते हात पुसत खुर्चीवर बसले. आता त्यांच्या घरात जगातलं कोणीही शिरू शकत नव्हतं.

पाच-दहा मिनिटांत दारावर धपाधप हात पडले. शेजारचे रामाजी होते. मूळचे भिवापूरचे, बोलणं तिकडच्या मिरचीसारखं. एका हातात बर्फाची पिशवी, दुसऱ्यात चिरलेला कांदा, आणि मागे फाटकाशी रिक्षा धुरधुरत उभी.

"मधुभाऊ! जिते आहा ना गा?" रामाजींनी उत्तराची वाट न पाहता बर्फ त्यांच्या डोक्यावर ठेवला. "वहिनी, तुमाले चक्कर-बिक्कर? रिक्षा आनली मी, रामदासपेठेतल्या दवाखान्यात नेतो."

"अहो, झालं काय?" मधुसूदनरावांच्या मानेवरून पाणी ओघळत होतं.

"आता हे तुमी मले विचारून राहिले? तुमच्या पोराचा फोन आला मले. रडून राहिला बिचारा! घर बंद पडलं म्हने. फोन नाई लागून राहिले म्हने. मी समजलो, दोघायलेबी ऊन लागलं."

रामाजींनी आपला फोन लावून, स्पीकर चालू करून, त्यांच्या हातात दिला. पलीकडून गौरांग ओरडत होता. "बाबा! आई कुठे आहे? फोन काहून बंद तुमचे?"

"आई इथेच आहे. ओरडू नको. घरात चोर शिरला होता, मी लाइन कापली. तुझ्या गटात कोणी तरी बसलं होतं. तीनदा हाकललं, तीनदा परत आलं. निर्लज्ज माणूस!"

मग गौरांग म्हणाला, "बाबा, तो मी होतो."

"तू? तू तिथे काय करत होता?"

"काही नाही."

"काही नाही म्हणजे? काही तरी काम असेल ना."

"काहीच काम नाही, बाबा. नुसता बसलो होतो." तो अडखळला. "इथे माझ्या स्क्रीनच्या कोपऱ्यात एक छोटी खिडकी उघडी असते, दिवसभर. आपल्या मशीनचं तापमान दिसतं त्यात. नागपूरची दुपार चढली की आकडा चढतो. मग तीन वाजता तुम्ही झोपून उठता, आई हॉलमधला कूलर लावते, मशीनला वारा लागतो आणि आकडा खाली येतो. मग मला समजतं, उठले दोघंही. आता चहा ठेवला असेल. तुटली लाइन तर आपोआप परत जोडली जाते, तशी सोय केली आहे मी. आज आकडा गेला, आला, पुन्हा गेला. आणि मग घरच गेलं."

मधुसूदनरावांनी फोन नीलाताईंकडे दिला. त्यांच्या डोक्यावरचा बर्फ वितळत असल्यानं चेहरा कशामुळे ओला आहे हे कोणाला सांगावं लागलं नाही.

"रोज पाहतोस?" नीलाताईंनी विचारलं.

"रोज."

"मग रोज फोन काहून नाही करत?"

"रोज केला तर रोज विचारशील, कधी येतोस. काय सांगू मग?"

रामाजी हळूच बाहेर जाऊन रिक्षावाल्याला परत पाठवून आले आणि कांदा तिथेच टेबलावर विसरले.

पाच वाजता संगणक पुन्हा सुरू झाला आणि गौरांग पडद्यावर आला तोच अडकून. आवाज मात्र येत होता. "बाबा, तुमचं बरोबर होतं. मीच निघतो गटातून. रिकामा झाला की काढून टाका, दोन कोअर तुम्हाला मिळतील."

मधुसूदनरावांनी बोटं कीबोर्डवर ठेवली, पण नीलाताईंनी त्यांचा हात धरला.

"निघतो काय? निघायचं कशाला? दुसरीकडे नाही का बसता येत त्याला?"

"येतं ना," गौरांग म्हणाला. "माझ्या प्रोग्रामचा नंबर तुमच्या गटात लिहायचा. मग मी तिकडे जातो."

"मग तसंच करा," नीलाताईंनी नवऱ्याला फर्मावलं. "आपल्यातच घ्या त्याला."

मधुसूदनरावांनी चष्मा सारखा करून मुलाचा नंबर 'आई-बाबा' गटात लिहिला. मग रिकामा झालेला 'गौरांग' गट काढला. संगणक गप्प राहिला.

"काहीच बोललं नाही हे," ते घाबरून म्हणाले.

"काम झालं की ते काही बोलत नाही, बाबा."

आणि हे म्हणताना गौरांगचे ओठ शब्दांबरोबर हलले. नीलाताई खुर्चीच्या टोकावर सरकल्या. चारी हात कामाला लागले होते. मुलाच्या गालावरची खळी, कपाळावरची वाळलेली पुटकुळी, सगळं लख्ख दिसत होतं. मागचं टेबलसुद्धा. टेबलावर पावाचा अर्धा पुडा, बिस्किटाचा डबा, आणि दुसरं काही नाही.

"आज काय जेवलास रे?" नीलाताईंनी विचारलं.

"वरण-भात," गौरांग म्हणाला. मग त्यानं आईची नजर कुठे गेली ते पाहिलं आणि तो एकदम अडकला. तोंड अर्धं उघडं, डोळे अर्धे मिटलेले, हात कानापाशी.

मधुसूदनराव धसकून कीबोर्डकडे धावले. नीलाताई जागच्या हलल्या नाहीत. त्यांनी चांगलं निरखून पाहिलं.

"तुझ्यामागचा खिडकीचा पडदा हलून राहिला आहे, गौरांग," त्या म्हणाल्या.

गौरांगनं क्षणभर तग धरला. मग तो हसला, दोन वर्षांत पहिल्यांदा अखंड, शेवटपर्यंत, आणि हसता हसताच त्याचे डोळे भरून आले. तेही अगदी स्पष्ट दिसलं.

डिसेंबरात रामाजी गावाहून आणलेल्या लाल मिरच्यांची पिशवी द्यायला दुपारी आले. कानाला मफलर, अंगात स्वेटर. दार उघडलं तर मधुसूदनराव आणि नीलाताई शाली गुंडाळून सोफ्यावर कुडकुडत बसले होते, आणि समोर कूलर घरघर चालू होता.

"काहून गा मधुभाऊ, हिवाळ्यात कूलर? डोस्कं ठिकानावर आहे ना?"

"तीन वाजले ना," मधुसूदनराव दात वाजवत म्हणाले. "दोन मिनिटं थांबा. पाणी नाही टाकलं, नुसता वारा आहे."

नीलाताईंच्या मांडीवरचा फोन वाजला. त्यांनी चष्मा लावून स्वीडनहून आलेला निरोप वाचला. 'दिसलं. आता बंद करा, सर्दी होईल.'

मधुसूदनराव बटणाकडे जायला उठले, तशी नीलाताईंनी शाल आणखी घट्ट ओढून घेतली.

"राहू द्या हो अजून एक मिनिट," त्या म्हणाल्या. "पाहून राहिला आहे तो."