बशीतल्या अन्ननलिकेची प्रकृती उत्तम

माणूस एकदाच जन्मतो. त्याच्या अन्ननलिकेचे अस्तर मात्र आयुष्यभर जन्मत राहते. अस्तराच्या तळाशी मूळपेशी बसलेल्या असतात. वरचा थर झिजला, भाजला, सोलवटला की त्या खालून नवा थर पाठवतात. रजा नाही, बढती नाही आणि (हे विशेष) कुरकुर नाही. कुरकुर न करणाऱ्या खात्याकडे कोणी फिरकत नाही, म्हणून अन्ननलिका-प्रतिकृती विभाग स्थापन करण्यात आला.

कलम १. घशातून दुर्बीण घालून चिमूटभर अस्तर काढावे. त्यातल्या मूळपेशी बशीत वाढवाव्यात. मोहरीएवढे, पण अस्सल रुग्णाचेच अस्तर तयार होते. मग रुग्ण जे गिळतो तेच बशीवर ओतावे. बशीचे जे होईल तेच रुग्णाचे होणार. पद्धत निर्दोष आहे. फक्त काय ओतायचे, ते रुग्णाला विचारावे लागते.

कलम २. रुग्ण बसचालक. दोन फेऱ्यांच्या मधे उकळता चहा एका दमात रिचवतात, म्हणून डेपोत त्यांना ‘बंब’ म्हणतात. हल्ली घास छातीत अडकतो.

“चहा?” डॉक्टरबाईंनी विचारले.

“कधीतरी.”

“गरम?”

“छे! कोमट.”

“कोमट?” मागून बायको म्हणाली. “अहो, मी चिमट्याने भांडं धरते आणि तुम्ही सरळ तोंडाला लावता!”

“तू मधे बोलू नकोस गं. मॅडम मला विचारतायत.”

“तंबाखू?”

“नाव काढू नका.” (तोंडात काहीतरी असल्याने हे वाक्य जरा बोबडे आले.)

बायकोचे म्हणणे विचारात घेतले गेले नाही. घसा ज्याचा, त्याचाच शब्द ग्राह्य.

कलम २-अ. बशीला देहाइतकी ऊब, ताजे पोषक द्रव, शांतता आणि कधीतरी थेंबभर कोमट चहा मिळाला. बशी बहरली. विभागाचा लौकिकच तसा आहे: शंभरातल्या सत्त्याण्णव बशा ठणठणीत निघतात. उरलेल्या तीन खरे बोलणाऱ्यांच्या असतात.

कलम ३. (यावर चहा सांडल्याने ते वाचता येत नाही. गरम होता.)

पुढे. निकाल ऐकायला बंब आले ते पट्ट्याला नवे भोक पाडून.

“मॅडम, आता पाणीसुद्धा उतरत नाही हो.”

“असं कसं? हे बघा ना!” बाईंनी त्यांना सूक्ष्मदर्शकाशी बसवले. काचेखाली गुलाबी, तुकतुकीत, एकही ओरखडा नसलेले अस्तर होते. बंबांनी डोळा लावला.

“माझंच ना हे?”

“तुमचंच.”

बायकोनेही डोळा लावला. “हे बरं, सांगितलेलं ऐकतं.”

बंबांनी आवंढा गिळायचा प्रयत्न केला. तो अर्ध्यावर थांबला. “मॅडम, समजा... चहाचं मी थोडं इकडचं तिकडे सांगितलं असेल, तर?”

“तर पहिल्यापासून. परत दुर्बीण, परत तुकडा, परत बशी.”

बंबांनी बायकोकडे पाहिले. मग दुर्बिणीच्या काळ्या नळीकडे पाहिले. ती बरीच लांब होती.

“नाही, नाही,” ते म्हणाले. “कोमटच.”

अखेर. बशीला पूर्ण बरी ठरवून शीतपेटीत ठेवण्यात आले. तिथे ती कित्येक वर्षे टिकेल. बंबांची बस सध्या दुसरा चालक नेतो. बायको चिमटा घासून जागेवर ठेवते. तो लागत नाही.

तुम्ही काळजी करू नये. डॉक्टरांसमोरच्या खुर्चीत तुम्ही ज्याचे वर्णन करता, तो लवकर झोपतो, रोज चालायला जातो, तळलेले ‘अगदी क्वचित’ खातो. त्याची प्रकृती उत्तम आहे आणि विभागाच्या त्याला शुभेच्छा आहेत. तुमची मात्र विभागाशी अजून ओळख झालेली नाही.