साळूबाईचे तीन संदेश यंत्रांत राहिले त्याची हकीकत

श्री. आधीं नमन जें दिसतें त्यास, मग जें दिसत नाहीं त्यासही. शके १९४६, क्रोधीनाम संवत्सरीं, भाद्रपदमासीं एका राज्यांत ऐसें वर्तमान जाहलें जे, राज्यांत पाणचौक्या बहुत, त्यांचे संदेश यंत्रद्वारें दरबारीं येत, आणि संदेशांत चौकीचें, पाण्याचें, निकडीचें ऐसीं घरें आंखिलेलीं. यंत्रास एसक्यूएल नामें एकच भाषा उमजे. त्या भाषेचे जाणते गिरमाजीपंत, हुशार खरे, परंतु आपले हुशारीवर लोभ अंमळ जास्त. दिवाणसाहेब बारीकसारीक खबरांनीं त्रासले, म्हणोन पंतांनीं यंत्रास हुकूम लिहिला कीं, ज्याची निकड 'किरकोळ' नाहीं तोच संदेश हुजूर पाठवावा. आणि दरबार निवांत जाहला.

मग धरणाचें दार अडकलें आणि तीन वाड्यांत पाणी शिरलें. माणसें वांचलीं, गुरें गेलीं. दिवाणसाहेबीं धरणावरील चौकीची साळूबाई बोलाविली आणि खबर कां न दिली म्हणोन पुसिलें. बाईनें सांगितलें, तीनदां दिली, निकडीचें घर तेवढें रिकामें सोडिलें; आणि शेजारीं उभ्या पंतांकडे वळोन म्हणाली,

"पाणी उंबऱ्याला लागलं व्हतं. निकड काय लिहीत बसू, पंत?"

मग पंतांनीं यंत्रास पुसिलें, ज्यांची निकड रिकाम्याशीं बरोबर ते संदेश दाखीव. यंत्रानें एकही न दाखविला. पंतांनीं तैसेंच हुजूर सांगितलें, आणि बाईची चौकी काढावी ऐसा हुकूम जाहला. बाईनें किल्ल्या पुढें ठेविल्या आणि ओसरीवर जाऊन बसली. रडली नाहीं, भांडली नाहीं, आणि तेंच पंतांस खुपलें.

पंत पुन्हा यंत्रापाशीं बसले आणि विचार करितां चरकले. रिकाम्याची तुलना कशाशींही केली, अगदीं रिकाम्याशीं केली, तरी यंत्र 'ठाऊक नाहीं' म्हणे आणि संदेश ठेवून घेई. पहिले हुकुमांत 'किरकोळ'शीं तुलना करितांही तेंच जाहलें होतें. मग 'रिकामें आहे काय' ऐसें सरळ पुसिलें, आणि तीन संदेश समोर आले. पहिला, दार अडकलें. दुसरा, माणूस धाडा. तिसरा, कोणी आहे का.

पंत तडक दिवाणसाहेबांकडे गेले आणि म्हणाले, "बाई खरी आहे. प्रश्न माझाच चुकला."

चौकी बाईकडे राहिली. किल्ल्या पंतांनीं स्वतः ओसरीवर नेऊन दिल्या. बाईनें त्या कमरेस खोंविल्या आणि शांतपणें म्हणाली, "कोणी आहे का, म्हणून विचारलं व्हतं. तुमी व्हता की, पंत."

पंत तेथून थेट यंत्रापाशीं गेले.

एवंच, हुकुमांत 'किंवा निकडीचें घर रिकामें असल्यास तोही पाठवावा' इतकें वाढविलें आणि कारभार पूर्ववत् चालिला. गुरें परत आलीं नाहींत. लेखनसीमा.