शशीकाका, ताशी छत्तीस

माझ्या लग्नात माझा नवरा हॉलवर वेळेआधी पोचला होता, पण त्याला सात मिनिटं आत येऊ दिलं नाही. कोणी? माझ्या सख्ख्या काकाने.

दादरचा हॉल. नवरदेवाला घरून घेऊन यायचं काम शशीकाकाकडे, कारण आख्ख्या खानदानात गाडी त्याच्या एकट्याची. वेळ ठरलेली अकराची. गाडी दारात लागली दहा त्रेपन्नला. आई ओवाळायचं ताट घेऊन पायरीवर उभी, सनईवाला गाल फुगवून तयार, आणि हा पठ्ठ्या काचा वर करून मनगटावरच्या स्टॉपवॉचकडे बघत बसलाय! मागे मुंडावळ्या बांधलेला माझा नवरा मे महिन्याच्या उकाड्यात निथळतोय, दार उघडायला धडपडतोय. तर शशीकाका म्हणतो, "बसा जावई, बसा. लवकर पोचलं तरी पेनल्टी असते." अकराच्या ठोक्याला दार उघडलं. तोवर आईचं निरांजन दोनदा विझलं होतं. तेव्हापासून काकाच्या गाडीतून जायचं म्हटलं की माझा नवरा पायी निघतो.

हे सगळं त्या रॅलीमुळे. रेस म्हणायचं नाही हं, रॅली! रेस म्हटलेलं शशीकाकाला चालत नाही. "रेस कोणीपण मारतो गं. पाय दाबला की झालं. रॅलीला डोकं लागतं." या रॅलीत हातात एक वही देतात. तिच्यात बाणांची चित्रं, किती अंतरावर कुठे वळायचं ते, आणि गाडीचा वेग किती ठेवायचा ते. ताशी छत्तीस म्हटलं तर छत्तीसच. वाटेत कुठेतरी झाडाआड माणसं लपून बसलेली असतात. ती तुमची वेळ टिपतात. उशीर झाला तर दंडाचे गुण, लवकर आलात तर त्याहून जास्त. एक जण गाडी चालवतो, दुसरा शेजारी बसून वही वाचतो. म्हणजे पैसे भरून, पहाटे उठून, घाटात जाऊन, बैलगाडीच्या चालीने गाडी हाकायची, आणि याला म्हणे मोटरस्पोर्ट.

शशीकाका विमा कंपनीत क्लार्क होता. डिलाईल रोडच्या आमच्या चाळीत दहा बाय बाराची एक खोली. त्यात आजी, माझे आईबाबा, आम्ही तीन भावंडं, शशीकाका, मंदाकाकी आणि त्यांचा निखिल. नऊ माणसं. नळ सामायिक, संडास सामायिक, गाडी मात्र स्वतःची! साहेबाने काढून टाकलेली, क्रीम रंगाची, गोल दिव्यांची गाडी काकाने हप्त्यावर घेतली तेव्हा आजीने विचारलं होतं, "आता ही झोपायची कुठे?" ती चाळीसमोर रस्त्यावर झोपायची. तिच्या टपावर आख्खी चाळ पापड वाळवायची.

रॅलीचं खूळ घरातही शिरलं. मला पाव आणायला पाठवायचा तेही असं: "स्मिते, जिना उतर, ऐंशी मीटर सरळ, पिठाच्या गिरणीला डावी मार, सावधान, कुत्रं. तीन मिनिटांत परत." दोन मिनिटांत आले तर भुवया वर. आजीच्या दहाव्याला बाणगंगेवर पिंडाला कावळा लगेच शिवला. आम्ही हुश्श केलं, आई रडायला लागली, आणि शशीकाका घड्याळ बघून पुटपुटला, "भटजींनी साडेदहा सांगितलेले. चार मिनिटं लवकर आला." माझ्या बाबांनी त्याच्याकडे जे बघितलं ते मी अजून विसरले नाही.

आणि इतकं करून याचा नंबर कधी आला असेल तर शपथ! पंचवीस-तीस वर्षांत एक साधी ट्रॉफी नाही. भाग घेतल्याची सर्टिफिकेटं तेवढी ढीगभर, सगळी फ्रेम करून लावलेली.

आम्हाला वाईट वाटायचं ते मंदाकाकीचं. वही वाचायला शेजारच्या सीटवर तीच. काकी कणकवलीकडची, मान खाली घालून वावरणारी. घरात तिचा आवाज म्हणजे भांड्यांचा आवाज. तिला काही हवं असलं तर ती माझ्या आईच्या कानात सांगायची, आई आजीला सांगायची. अशा बाईला हा माणूस रविवारी पहाटे उठवून घाटात न्यायचा. संध्याकाळी परतायचे तेव्हा दोघांचेही घसे बसलेले. धुळीने असणार, असं आम्ही समजायचो. आई तिला मिठाचं गरम पाणी देताना म्हणायची, "मुकी गाय आहे गं बिचारी. कोणी गाडीला जुंपली तरी चालेल." काकी पाणी पिऊन पोळ्या लाटायला बसायची.

आता चाळ गेली, तिथेच टॉवर झालाय. काका-काकी आणि निखिल बाराव्या मजल्यावर राहतात, मी परळला. फ्लॅटमागे पार्किंग एकच. निखिलने नवी गाडी बुक केली, पाडव्याला घरी येणार. म्हणजे त्याआधी गोल दिव्यांची म्हातारी भंगारात जायला हवी. निखिलने समजावलं, रागावला, अबोला धरला. काका ढिम्म. शेवटी निखिल माझ्याकडे आला. "ताई, तूच सांग. तुझं ऐकतील."

मला तर हातात काठीच मिळाली. काकी जानेवारीत बाथरूममध्ये पडली, मांडीचं हाड मोडलं, वॉकर धरून कशीबशी चार पावलं टाकते. मी काकाला सुनावलं, "पुरे झाली थेरं. काकीची हाडं आता तुझ्या त्या गाडीत बसण्यातली राहिली नाहीत." तो ऐकून घेत होता. मग म्हणाला, "पाडव्याच्या आदल्या रविवारी एक रॅली आहे. वही वाचायला तू ये. मग लगेच भंगाराच्या कागदावर सही करतो."

"मी? मला काय कळतं त्यातलं?"

"बँकेत आहेस ना? आकडे वाचता येतात. बस झालं."

रविवारी सकाळी सहाला कॉटन ग्रीनच्या गोदामांपुढच्या मोकळ्या रस्त्यावर गाड्या लागल्या होत्या. सगळी तरुण पोरं, रंगीत जॅकेटं, गाड्यांना स्टिकर, हातात टॅब. त्यांच्यामध्ये इस्त्रीचा पांढरा शर्ट घातलेला, सत्तरीचा शशीकाका. आमचा नंबर एकेचाळीस. एक पोरगी काकाला म्हणाली, "अंकल, आन्टी नाही आल्या?" काका नुसता हसला. मला ते हसू काही बरं वाटलं नाही.

पनवेलपर्यंत मी वही बरी वाचली. मग एकदम दोन पानं उलटली माझ्याकडून, आणि आम्ही कर्जतच्या रस्त्यावरून सुटून थेट एका बाईच्या अंगणात शिरलो. तिने मिरच्या वाळत घातल्या होत्या. गाडी मिरच्यांच्या दोन बोटं अलीकडे थांबली. ती बाई आम्हाला जे काही म्हणाली ते इथे लिहिण्यासारखं नाही.

मी डोळे मिटून घेतले. चहात साखर जास्त पडली तरी चाळ डोक्यावर घेणारा माणूस हा. आता माझं काही खरं नाही. पण आवाजच येईना. डोळे उघडले तर काका स्टॉपवॉच बंद करून खिडकीबाहेर बघत होता. मग त्याने पाण्याची बाटली माझ्यापुढे धरली.

"काका, ओरड ना रे! असा गप्प बसू नकोस. भीती वाटते."

"तुझ्यावर ओरडून काय करू?" तो म्हणाला. "मंदा असती तर एव्हाना माझे पूर्वज वर काढले असते तिने. चूक स्वतःची असती तरी."

मला हसू फुटलं. "मंदाकाकी? आणि ओरडणार?"

"तुम्हाला काय माहीत? तुम्ही कुठे ऐकलीय?" काका सरळ समोर बघत म्हणाला. "लग्न झालं आणि त्या खोलीत आली. एका बाजूला आई, दुसऱ्या बाजूला दादा-वहिनी, पायाशी तुम्ही पोरं. ती माझ्याशी बोलणार कुठे? सहा वर्षं तिने माझ्याशी एक वाक्य पुरं केलं नाही, स्मिते. रागावली तर डाळीत मीठ जास्त पडायचं, त्यावरून मी ओळखायचं. फिरायला जातो म्हटलं की आई म्हणायची, घरात काय काटे टोचतात? मग ऑफिसात या रॅलीचं कळलं. आईला सांगितलं, स्पर्धा आहे, सर्टिफिकेट मिळतं. आई गप्प. पहिल्याच रॅलीत इथेच कुठेतरी रस्ता चुकलो आणि मंदा माझ्यावर जी तडकली! घाट संपेपर्यंत थांबली नाही. सहा वर्षांचं सगळं काढलं. मीही काढलं. घरी आलो तेव्हा घसे बसलेले, पण ती इतकी खूश होती. म्हटलं, हे झकास आहे. महिन्यातून एकदा तरी बायकोशी नीट भांडता येईल."

"आणि नंबर?"

"भांडता भांडता नंबर येतो काय कधी?"

मी वही मिटली. त्याच्या पायाशी झोपणाऱ्या तीन पोरांतली मोठी मी. माझ्यामुळे त्या दोघांना कुजबुजतासुद्धा आलं नव्हतं, आणि मोठी झाल्यावर काकीची कीव करण्यात मी पुढे. मला लाज वाटली, अगदी खरं सांगते. आम्ही शेवटचे पोचलो. घरी येऊन शशीकाकाने शब्द पाळला, भंगाराच्या कागदावर सही केली आणि हात धुवायला उठला.

मंगळवारी दुपारी भंगारवाला यायचा होता. निखिलने मला बोलावून घेतलं, कारण ऐनवेळी काका पलटला तर? आम्ही पार्किंगमध्ये उतरलो, मागे भंगारवाला. लिफ्टपाशीच वॉचमन धावत आला. "मॅडम, आपके अंकल-आन्टी गाडी में बैठे हैं. बहुत झगडा चालू है. किसी को बुलाऊं क्या?"

गाडी जागच्या जागी, इंजिन बंद, काचा वर. बाहेर वॉकर उभा. शेजारच्या सीटवर मंदाकाकी, ताठ बसलेली, आणि काचेतून तिचा आवाज आख्ख्या पार्किंगमध्ये घुमत होता.

"माझ्या भावाच्या लग्नाक, सगळ्यांच्या समोर, तुम्ही माका गप रवाक सांगलात! तीस वर्सा झाली. मी इसराक नाय हां!"

"अगो, तो विषय आता कित्याक?" शशीकाका स्टिअरिंगवर हात आपटत ओरडला. "आणि तुझो भाऊस काय कमी होतो?"

"माझ्या भावसाचा नाव काढू नकात!"

निखिल जागीच थांबला. अडतीस वर्षांचा बाप्या, तोंड उघडं टाकून आईकडे बघत होता. "ताई," तो हळूच म्हणाला, "आई ओरडतेय."

"हो."

"मी कधी ऐकलंच नव्हतं गं."

मग तो वळून भंगारवाल्याला म्हणाला, "भाऊ, तुम्ही जावा. गाडी द्यायची नाही." भंगारवाला कुरकुरत निघून गेला. नवी गाडी कुठे लावणार, ते मी विचारलं नाही.

तेवढ्यात काकीचं लक्ष आमच्याकडे गेलं. तिने गप्प होऊन पदर सारखा केला, काच खाली घेतली आणि तिच्या नेहमीच्या बारीक आवाजात म्हणाली, "निखिल, वर जेवण झाकून ठेवलंय. तुम्ही दोघं जेवून घ्या. आमचं अजून बरंच राहिलंय."

आणि तिने काच वर केली.