सबनीसकाकांचा भाडेपट्टा

सबनीसकाकांसमोर 'माझं घर' म्हणायची सोय नाही. आम्ही दिल्लीत मयूर विहारला राहायला आलो तेव्हा शेजाऱ्यांना चिठ्ठ्या पाठवल्या होत्या, 'आमच्या नव्या घरी चहाला यावे.' तिसऱ्या मजल्यावरून एक चिठ्ठी तासाभरात परत आली. 'नव्या घरी' लाल शाईनं खोडून वर लिहिलं होतं, 'ताब्यातील सदनिकेत'. खाली शेरा: 'सुधारून पुन्हा सादर करावे.'

आम्ही सुधारून सादर केली. मग काका ठरल्या वेळी आले, तीन समोसे खाल्ले आणि जाताना माझ्या बायकोला म्हणाले, "वहिनी, शेख कुटुंब हे शासनाचं भाडेकरू आहे. मुलांना आत्तापासूनच कल्पना देऊन ठेवा."

आमच्या सोसायटीची जमीन सरकारची, नव्याण्णव वर्षांच्या भाडेपट्ट्यावर. हे सगळ्यांना ठाऊक असतं आणि सगळे विसरतात. मंत्रालयातून सेक्शन ऑफिसर म्हणून निवृत्त झालेले काका विसरत नाहीत. भिंतीत खिळा ठोकणं म्हणजे त्यांच्या मते शासकीय मालमत्तेचं नुकसान. त्यांचं कॅलेंडर खिडकीच्या गजाला बांधलेलं असतं, आणि उन्हाळ्यातली गरम लू सुटली की एप्रिलमध्येच डिसेंबर फडफडू लागतो.

पट्ट्याची अजून साठ वर्षं शिल्लक होती. काकांचं वय अठ्ठ्याहत्तर. आणि त्यांना मुदत वाढवून हवी होती. दर महिन्याच्या पहिल्या मंगळवारी ते मेट्रोनं लीजच्या ऑफिसात जात. तिथला बाबू हात जोडी.

"अंकल, अभी साठ साल पड़े हैं. तब आना."

"तब आप यहाँ होंगे?"

"मैं तो अगले साल रिटायर हो रहा हूँ."

"वही तो!" काका म्हणत आणि अर्जाची पोच मागत.

बाकी सोसायटीनं एव्हाना फ्लॅट फ्रीहोल्ड करून घेतले होते. म्हणजे पट्टा संपला, मालकी आपली. सेक्रेटरी भाटियाजींनी काकांना जिन्यात अडवून समजावलं, "सबनीसजी, परमनंट मालिक बन जाओ, यार!" काकांनी त्यांच्याकडे करुणेनं पाहिलं. मला म्हणाले, "शेख, मी बावीस वर्षं तात्पुरत्या पदावर होतो. परमनंट झालो आणि रिटायर केलं. हा माणूस मला काय सांगतो?"

काकांची एकुलती एक मुलगी मेधा गाझियाबादला असते. एकदा तिचा मला फोन आला. "शेखदादा, बाबा तुमचं ऐकतात. फ्रीहोल्डचा अर्ज तेवढा भरायला लावा ना. उद्या काही झालं तर मला एकटीला सगळं निस्तरावं लागेल."

काका माझं ऐकतात ही मला बातमीच होती. पण गंमत म्हणजे ते चटकन 'चलो' म्हणाले. मेट्रोत त्यांनी फाइल मांडीवर उघडून मला दाखवली. प्रत्येक कागदाच्या तीन प्रती, प्रत्येक प्रतीला रंगीत चिकटपट्टी. अशी फाइल आमच्या खात्यात आली असती तर साहेबांनी उभं राहून घेतली असती.

काउंटरवर यावेळी एक तरुण मुलगी होती. तिनं पट्ट्याचा कागद वाचला.

"लीज दो नामों पर है. सुमन सबनीस?"

"पत्नी."

"उनके साइन नहीं हैं." मग तिनं वर पाहिलं आणि आवाज खाली आणला. "एक्सपायर हो गईं?"

काका म्हणाले, "लीज को अभी साठ साल हैं."

"नहीं अंकल, आंटी…" ती गोंधळली. "डेथ सर्टिफिकेट लगा दीजिए. पहले उनका नाम कटेगा, फिर फ्रीहोल्ड होगा."

"वो नहीं लाया."

त्या दाखल्याच्या तीन प्रती मी मेट्रोत डोळ्यांनी पाहिल्या होत्या. मी तोंड उघडलं, पण काकांनी फाइल बंद केली होती. नाडी बांधताना गाठ दोनदा सुटली.

बाहेर बाकावर बसल्यावर त्यांनी फाइल मांडीवर ठेवली. मग म्हणाले, "रेशनकार्ड, बँक, गॅस. सगळीकडून तिचं नाव मीच काढलं, शेख. अर्ज माझे, अक्षर माझं. नियमच आहे तो. सात वर्षं झाली. आता या एका कागदावर ती आहे. मुदत वाढवून मिळाली तर त्यात नावं तीच राहतात. मी नियम वाचलाय." उठताना म्हणाले, "आज काढायचं ठरवूनच आलो होतो."

संध्याकाळी मी मेधाला फोन केला. खोटं सांगणार होतो, खरं सांगितलं.

"आई गेल्यापासून बाबांनी तिचं नावसुद्धा घेतलं नाही," ती म्हणाली. "मला वाटायचं, ते विसरले. मुदतवाढीच्या अर्जाला कधी जातात ते?"

पुढच्या खेपेला ती रजा टाकून त्यांच्याबरोबर गेली. उन्हं कलताना दोघं जिन्यात भेटली. काकांना धाप लागली होती.

"झालं का काम?" मी विचारलं.

"छे! अर्ज परत केला," मेधा म्हणाली. तिचे डोळे सुजलेले होते आणि ती हसत होती.

"मग तिथल्याच कँटीनमध्ये बसलो," काका म्हणाले. "बंद होईपर्यंत. हिला आईच्या पुष्कळ गोष्टी माहीत नव्हत्या, शेख." एक पायरी चढून ते थांबले. "काही मलाही नव्हत्या."