नदीपलीकडचा डावखुरा चौशिंगा

एका जंगलात, मुलांनो, फुटबॉल खेळणारे कमी आणि फुटबॉल समजणारे फार होते.

त्या जंगलात मोठमोठे संघ होते. वाघांचा होता, हत्तींचा होता. त्यांचे सामने बघायला लांबलांबून पाहुणे यायचे. आपली गोष्ट त्यांची नाही. आपली गोष्ट बोरमाळ फुटबॉल मंडळाची. हा संघ सगळ्यांत खालच्या गटात खेळायचा. त्याच्या खाली आणखी गट नव्हता, नाहीतर बोरमाळ तिथेही जाऊन आलं असतं.

बोरमाळचं मैदान उताराचं होतं. गोलरक्षक अस्वल होतं, आणि मधमाशी दिसली की ते गोल सोडून तिच्यामागे जायचं. तरी समर्थक मात्र पक्के. मैदानाच्या कडेला मातीचा एक बांध होता. रोज संध्याकाळी सगळे तिथं जमायचे आणि संघात कोणाला घ्यायचं, कोणाला काढायचं, ते ठरवायचे. सामना असो वा नसो. खरं सांगू का? सामना नसला की जास्त रंग चढायचा.

या बांधाचा एक नियम होता. रिकाम्या हातानं आलं तर बसायला मिळत नसे. येताना एक बातमी आणायची. अमका लंगडतोय, तमका रुसलाय, पलीकडच्या संघातला सांबर आपल्याकडे यायचं म्हणतोय, असं काहीतरी. बातमी नसली तर उभं राहायचं. आणि सलग तीन दिवस बातमी नसली तर पार तिकडे बाभळीखाली जायचं. तिथून बांधावरचं धड ऐकूही येत नसे.

बांधावर केरबा नावाचं एक साळिंदर यायचं. आता, अंगावर काटे असले की काय होतं ते तुम्हाला ठाऊक आहेच. केरबाला दुसरीकडे कुठे कोणी जवळ बसू देत नसे. बांधावर मात्र त्याची हक्काची जागा होती. दिवसभर बिचारा त्या जागेचीच वाट बघायचा.

एकदा काय झालं, केरबाला दोन दिवस काही बातमीच मिळाली नाही. तिसऱ्या संध्याकाळी तो आला तेव्हा गोदाक्का टिटवी मान वाकडी करून त्याच्याकडे बघत होती. बांधाचे नियम तिला तोंडपाठ होते.

"काय केरबा, आज तरी काही आणलंस का? तिसरा दिवस आहे हं."

केरबानं बाभळीकडे बघितलं.

"नदीपलीकडे एक चौशिंगा आहे," तो म्हणाला. "डावखुरा आहे."

"चार शिंगं?" दत्तू कोल्हा म्हणाला. दत्तूला प्रत्येक गोष्टीत खोट काढायची सवय होती. "डोक्यानं मारायला गेला तर चेंडू फुटायचा की रे."

"म्हणून तर तो फक्त पायानं खेळतो."

इतकं सयुक्तिक उत्तर बांधावर बऱ्याच वर्षांत कोणी दिलं नव्हतं. गोदाक्कानं स्वतः सरकून जागा केली. "बसा, केरबाभाऊ."

आता मुलांनो, असला चौशिंगा नदीपलीकडे नव्हता. अलीकडेही नव्हता. पण केरबा बसला, आणि त्याला फार बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी गोदाक्का धापा टाकत आली. "त्याचं नाव जयवंता!"

"कोणी सांगितलं?" केरबानं दचकून विचारलं.

"सांगणाऱ्याचं नाव फोडलं तर उद्यापासून तो मला काही सांगेल का?"

तिसऱ्या दिवशी दत्तू म्हणाला, "मी त्याला बघितलाय. पाठमोरा दिसला. पण खेळाडू पाठीवरूनच कळतो हो."

चौथ्या दिवशी अशी बातमी आली, की जयवंता यायला तयार आहे, पण त्याला चाटायला मिठाचा स्वतंत्र खडा पाहिजे. दुसऱ्या कोणी त्या खड्याला जीभ लावायची नाही. हे ऐकून केरबालाच राग आला. "या आजकालच्या खेळाडूंना फार माज आलाय," तो म्हणाला. मग काहीतरी आठवून त्यानं जीभ चावली.

मंडळाचे अध्यक्ष होते आबासाहेब गवा. ते रोज बोरीच्या झुडपाआड उभे राहून बांधावरचं बोलणं ऐकायचे. शिंगं वर दिसायची, पण कोणी तसं दाखवत नसे. आबासाहेबांना फुटबॉलमधलं काही कळत नव्हतं. बांध नाराज झालेला मात्र त्यांना लगेच कळायचा. पाचव्या दिवशी ते झुडपाबाहेर आले आणि त्यांनी जाहीर केलं, की जयवंता चौशिंगा बोरमाळकडून खेळणार. डाव्या बगलेवर. अकरा नंबरची बनियन घालून.

बांधावर एकच जल्लोष झाला. केरबाही ओरडला. ओरडता ओरडता मध्येच थांबला.

कारण डाव्या बगलेवर शिरपा मुंगूस खेळायचा. नऊ मोसम खेळला होता. गोल चार केले होते, त्यांतले दोन चुकून. अकरा नंबरची बनियन त्याचीच. आणि शिरपा हा केरबाचा शेजारी होता, बिळाला बीळ लागून. सबंध जंगलात केरबाच्या काट्यांना न भिता शेजारी बसून गप्पा मारणारा तो एकटाच.

शिरपाला नारळ मिळाला. अगदी खराखुरा नारळ, शाल घालून दिला आबासाहेबांनी. बनियन मात्र काढून घेतली.

"मला वाईट नाही वाटलं," शिरपा बिळाच्या तोंडाशी बसून म्हणाला. "आपल्यापेक्षा चांगला येतोय ना, मग झालं." पण तो दोन दिवस जेवला नव्हता, हे केरबाला भिंतीतून कळत होतं.

केरबाचा जीव तुटला. काही झालं तरी शिरपाची बनियन परत मिळवून द्यायची, असं त्यानं ठरवलं. उद्या बांधावर सगळं खरं सांगून टाकायचं. उद्या आला, तर बांध खच्चून भरलेला. मग त्यानं परवावर टाकलं. परवा सगळे इतके खुशीत होते, की त्याला बोलायचा धीर होईना. असं करता करता मोसमातला शेवटचा सामना उजाडला.

समोर कोळसुंद्यांचा संघ होता. म्हणजे रानकुत्रे, मुलांनो, धावायला एक नंबर. सकाळपासून मिठाचा खडा धुऊन तयार ठेवला होता. जयवंताचा पत्ता नव्हता.

"वाटेत आहे," आबासाहेब म्हणाले. "त्याची जागा कोणी घेऊ नका."

त्यामुळे बोरमाळ दहाजणांनिशी खेळायला उतरलं. डावी बगल मोकळी. तिथं नुसतं गवत.

कोळसुंद्यांच्या कप्तानानं ते गवत बघितलं. जयवंताची कीर्ती त्याच्याही कानावर गेली होती. "इतकी जागा कोणी उगाच मोकळी सोडत नाही," तो म्हणाला. "यात काहीतरी डाव आहे." आणि त्यानं आपले चार चांगले कोळसुंदे तिथं पहाऱ्याला उभे केले. सामना संपेपर्यंत ते चौघं डोळ्यांत तेल घालून गवतावर नजर ठेवून होते. उरलेल्या सातांशी बोरमाळचे दहा खेळले. तरीही गोल व्हायला शेवटचं मिनिट उजाडावं लागलं. चेंडू एका भेकराच्या गुडघ्याला लागला, उतारावरून घरंगळला आणि सावकाश गोलात गेला.

दोन वर्षांनी बोरमाळ जिंकलं होतं!

"चौघांना एकट्यानं अडकवून ठेवलं जयवंतानं!" दत्तू नाचत ओरडला.

"आणि चेंडूला पायसुद्धा न लावता," गोदाक्का म्हणाली. "याला म्हणतात दर्जा."

बाभळीखाली शिरपा एकटाच उभा होता. आता तो खेळाडू नव्हता, आणि बातमी आणलेली नसल्यामुळे बांधावरही त्याला जागा नव्हती. केरबानं त्याच्याकडे बघितलं, आणि मग त्याला राहवेना. तो उठून उभा राहिला.

"जयवंता नाहीच आहे," तो म्हणाला. "मी तो बनवला. माझ्याकडे बातमी नव्हती म्हणून. माझं चुकलं. शिरपाची बनियन त्याला परत द्या."

"तू बनवलास?" गोदाक्का फिस्सकन हसली. "त्याचं नावसुद्धा तुला माहीत नव्हतं. नाव मी आणलं."

"मी त्याला या डोळ्यांनी बघितलाय," दत्तू म्हणाला.

आबासाहेब पुढे झाले. "मग केरबा, ते चार कोळसुंदे काय गवत राखत होते का?"

"हो," केरबा म्हणाला.

यावर कोणालाच काही बोलता येईना, आणि म्हणून सगळे जास्तच चिडले. केरबा जळतो, असं ठरलं. केरबाला फुटबॉलमधलं काही कळत नाही, असंही ठरलं. त्याची जागा काढून घेतली. अकरा नंबरची बनियन जयवंताच्या सन्मानार्थ झाडाला टांगून ठेवायची आणि यापुढे कोणालाही द्यायची नाही, हा ठराव एकमतानं मंजूर झाला.

दुसऱ्या संध्याकाळी केरबा बाभळीखाली उभा असताना शिरपा तिथून चालला होता.

"मी खरं सांगितलं रे," केरबा म्हणाला.

"ऐकलं मी."

"तुझा तरी विश्वास आहे ना माझ्यावर?"

शिरपा थांबला. "केरबा, माझ्या जागी मोठा खेळाडू आला, असं मी बायकोला सांगितलंय. पोरांना सांगितलंय. नऊ मोसम खेळलो मी. आणि आता तू म्हणतोस, माझ्या जागी कोणीच आलं नाही?"

शिरपा पुढे गेला आणि बांधाजवळ जाऊन उभा राहिला. घसा खाकरून तो म्हणाला, "जयवंताची बातमी आहे. पुढच्या मोसमात तो उजव्या पायानंही खेळणार आहे."

बांधावर लगेच जागा झाली. सगळ्यांनी डोकी जवळ आणली. शिरपा बोलू लागला, आणि बऱ्याच दिवसांनी त्याच्या तोंडावर हसू दिसलं.

बाभळीखाली केरबाला नीट ऐकू येत नव्हतं. तो दोन पावलं पुढे सरकला. मग आणखी दोन. शेवटी त्याला धीर धरवेना.

"शिरपा," तो ओरडला, "जरा मोठ्यानं सांग रे! दोन्ही पायांनी म्हणालास?"

तात्पर्य : मुलांनो, खोटं बोलू नये. पण बोललातच आणि ते लोकांना आवडलं, तर मागाहून खरं बोलून त्यांचा मोसम खराब करू नये. आणि संघात खेळाडू घ्यायचाच झाला तर न येणारा घ्यावा. त्याचा खेळ कधी खराब होत नाही.